त्र्याऐंशीचा रकाना

तीस वर्षं मी धान्याचे ट्रक तोलले,
रुळांपलीकडच्या कोठारावर.
भरला ट्रक, रिकामा ट्रक, वजाबाकी.
आता शुक्रवारी रात्री
शाळेच्या मैदानावर, पत्र्याच्या खोलीत,
मांडीवर थर्मास घेऊन
टोबायसचे पास मोजते.

वही साधी. डावीकडे नावं.
चेंडू ज्याच्याकडे गेला त्याच्यापुढे एक काडी,
हातात बसो की निसटो.
चार उभ्या, पाचवी त्यांना बांधणारी.

एफ्राईनपुढे पेंढ्याच पेंढ्या.
चौथीपासूनचे दोघं; त्याच्या बापाच्या
टायरच्या दुकानामागे
टांगलेल्या टायरमधून फेकत मोठे झाले.
टोबायस फेकतो तेव्हा एफ्राईन तिथे नसतो.
चेंडू पोचतो तेव्हा असतो.

कॅश, प्रशिक्षकांचा भाचा.
त्याला मोजून मिळतात,
कुणी तोंड उघडू नये इतके.
आणि थोराड गुंथर, गर्दीच्या मधोमध,
सगळं कोसळायला लागलं की आठवणारा,
शेजाऱ्याच्या शिडीसारखा.

मग त्र्याऐंशी नंबर. लेव्हाय.
सगळ्यात लांब हाच पळतो.
चाळीस यार्ड, एक झोकदार वळण,
दोन बचावपटू मागे ओढत पार कुंपणापर्यंत.
त्यांनी सोडलेल्या रिकाम्या गवतात
एफ्राईन झेलतो.
टाळ्या. भोंगा. काडी.
लेव्हाय तिकडून चालत परत येतो, एकटा.
सहा सामने झाले, त्याचा रकाना
धुऊन पालथ्या घातलेल्या ताटासारखा.

आमच्या चर्चच्या जेवणातही तसंच आहे,
वाढणारी ओळखीची असली
की रांगेत शेवटी उभं राहिलं तरी चालतं.
लेव्हायची माणसं गेल्या हिवाळ्यात आली,
बीटच्या कारखान्यात, रात्रपाळीला.
मी मनातल्या मनात टोबायसला
बरंच काही बोलून घेतलं होतं.

सातव्या सामन्यात दुर्बीण आणली, नवऱ्याची,
हरणं बघायची.
चेंडू सोडून दिला आणि नुसतं हेल्मेट बघत राहिले.
क्वार्टरबॅकला तीन सेकंद मिळतात, फार तर.
तेवढ्यात चार जण शोधायचे,
आणि पाचवा, जो त्याला आडवा करायला निघालाय,
तो न बघता ओळखायचा.
हेल्मेट वळलं. लांब, कुंपणाकडे.
दर वेळी आधी तिकडेच,
मग एफ्राईन, मग कॅश, मग घाई.

मी पेन्सिलीने ठिपके द्यायला लागले.
रात्री मोजले. एकोणीस.
एकोणीस वेळा बघितलं, एकदाही टाकला नाही.
याचं वजन कुठल्या काट्यावर करतात
मला कुणी शिकवलं नव्हतं.

सोमवारी तो पेट्रोल भरताना भेटला. विचारलं.
"मी तिकडे बघतो म्हणून बचाववाले तिकडे बघतात,"
म्हणाला. "डाव आहे तो, मिसेस स्टेन्सरुड."
नळी जागेवर अडकवली. झाकण फिरवलं.
पुन्हा उघडून पुन्हा फिरवलं.
"दोनदा मोकळा होता पण.
तेवढ्या लांब मला भीती वाटते."

शेवटचा सामना. नेब्रास्काचा वारा,
झेंड्याची दोरी खांबावर खणखण वाजतेय,
कारखान्याकडून उकडलेल्या मातीचा वास.
हरत होतो आम्ही, सतराने.
हेल्मेट कुंपणाकडे वळलं
आणि तिथेच थांबलं.

चेंडू वर गेला, दिव्यांच्याही वर,
काळोखात क्षणभर दिसेनासा झाला.
खाली आला तो लेव्हायच्या बोटांपुढे वीतभर.
कुंपणावर आपटला. कुणीतरी हसलं.
मी काडी ओढली.
इतकी दाबून, की मागच्या पानावर
कॅशच्या नावावर वळ उठला.

लेव्हायने चेंडू उचलला, पंचाकडे फेकला,
आणि परत आला.
या वेळी पळत.